दार नसतं

मार्चमधली गोष्ट. शाळा नुकतीच सकाळची झाली होती आणि आमच्या आठवीच्या वर्गानं वर्षभर मिळून लिहिलेला घरच्या बोलीतल्या शब्दांचा संग्रह मला एकदाचा कागदावर आणायचा होता. प्रिंट काढायची, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचं आणि एक प्रत वाचनालयाच्या कपाटात ठेवायची, एवढाच बेत. रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप घेऊन बसले. गुगल डॉकमधली ती बावीस पानं वरून खाली नजरेखालून घालत होते. सुटलेले अनुस्वार, उलटसुलट वेलांट्या, दोघांनी दोनदा लिहिलेले शब्द. 'क'च्या मथळ्याखाली आले आणि थांबले. कडबा, कणगी, कासरा, झोपडी, कोयता. झोपडी इथे कशी? कुणीतरी चुकून घातला असेल म्हणून तो शब्द 'झ'खाली न्यायला निघाले आणि हात अडखळला. आम्ही सगळे शब्द अकारविल्हे लावले होते, आणि ते काम मुलांनी फार मन लावून केलं होतं. कासरा आणि कोयता यांच्यामध्ये जो बसला होता तो मुळात 'क'चाच असणार. मग मी फाइलचा इतिहास उघडला.

ज्यांनी हे वापरलंय त्यांना ठाऊक असेल, त्या पानावर पुसलेलं काही खरं पुसलं जात नाही. उजवीकडे तारखांची यादी येते, तारखेवर टिचकी मारली की त्या वेळचं पान समोर उभं राहतं, आणि कुणी काय लिहिलं, कुणी काय काढलं ते ज्याच्या त्याच्या रंगात दिसतं. काढलेल्या अक्षरांवर आडवी काट असते. मी मागे मागे जात राहिले. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. १७ डिसेंबर, पहाटे ३ वाजून ४२ मिनिटं. हिरव्या रंगात लिहिलं होतं : 'कोप. ह्यात ऱ्हायचं असतं. दार नसतं.' त्याच दिवशी रात्री सव्वानऊला त्या तिन्ही वाक्यांवर जांभळी काट पडली होती आणि त्या जागी आलं होतं : 'झोपडी : ऊसतोड मजुरांनी उसाच्या पाचटापासून बांधलेले तात्पुरते निवासस्थान.' जांभळा रंग माझा होता.

मला ते केलेलं आठवतसुद्धा नव्हतं.

दसरा-दिवाळी झाली की आमचा वर्ग निम्मा होतो. बीडच्या डोंगरपट्ट्यात ज्यांनी एखादं वर्ष जरी शिकवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो. हंडे, गोधड्या, पत्र्याची पेटी, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर माणसं. सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर पलीकडे कर्नाटकात बेळगावकडे. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांपाशी. ज्यांच्या पाठची भावंडं लहान आहेत आणि सांभाळायला दुसरं कुणी नाही, त्या मुलींना मात्र जावंच लागतं. जाताना आम्ही त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडच्या शाळेत दाखवायला. ते कार्ड कितीदा दाखवलं जातं आणि कितीदा पेटीच्या तळाशी पडून परत येतं, ते मला माहीत आहे. 'कोप' लिहिणारी ही मुलगी त्यांतलीच, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायची. निघण्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली. कार्डाबद्दल तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "मॅडम, ते आपलं पान तिकडं बी उघडतंय का?" मी म्हटलं, उघडेल की, रेंज असली की कुठंही उघडेल. तिनं मान हलवली, परत बाकापाशी गेली आणि मैत्रिणीला सांगितलं, "उघडतंय."

'आपलं पान' हा तिचा शब्द. वर्गातली सगळीच तसं म्हणायची. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं, कारण त्याआधी मोबाइलमधून मुलांपर्यंत जे जे पोचलं होतं त्यातलं काही त्यांना आपलं म्हणता येत नव्हतं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आले, २०१७ साली दीक्षा अ‍ॅप आलं, २०२० च्या टाळेबंदीत रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागली. त्या काळात त्यांचा मोठा आधार झाला हे मी कधीच नाकारणार नाही. पण ते सगळं वरून खाली येत होतं. मुलानं बघायचं, ऐकायचं, योग्य पर्यायावर बोट ठेवायचं. तिकडून इकडे काही येण्याची वाटच नव्हती. एका सुट्टीत भाचीनं तिच्या कॉलेजातल्या चौघींनी मिळून केलेला प्रकल्प मला दाखवला. चौघी चार गावांत आणि पान एकच. एकीचं वाक्य चालू असताना दुसरी वरच्या परिच्छेदात काहीतरी नीट करत होती. पैसे पडत नाहीत, फक्त जीमेल लागतं, असं ती म्हणाली. मी रात्रभर त्याच विचारात होते. माझ्या वर्गातले जे पाच महिने लांब असतात त्यांनाही या पानावर बसता येईल, एवढंच डोक्यात होतं.

पहिला दिवस मला जन्मभर पुरेल. शाळेतले दोन संगणक, माझा लॅपटॉप आणि मुलांनी घरून आणलेले चौदा मोबाइल. एका पानावर एका वेळी शंभर जणांना लिहिता येतं हे मी वाचून ठेवलं होतं, पण सदतीस मुलं एकदम लिहायला लागली की काय होतं ते वाचून कळत नाही. सगळ्यांनी पहिल्याच ओळीवर धाव घेतली. 'हाय', 'मी', स्वतःची नावं, एकमेकांची चिडवायची नावं, सगळं एकमेकांत घुसत गेलं. रंगीत काड्या पानभर पळत होत्या आणि मुलं पडद्यावर बोट ठेवून ओरडत होती, ही बघ माझी, ही बघ तुझी. संगणकावर जी खातं न उघडता शिरली होती त्यांना त्या पानानं प्राण्यांची नावं दिली. कुणी अनामिक कॅपिबारा, कुणी अनामिक अ‍ॅक्झोलॉटल. कॅपिबारा म्हणजे काय ते शोधण्यात दहा मिनिटं गेली, आणि तो उंदराच्या जातीतला सगळ्यात मोठा प्राणी निघाल्यावर तो झालेला पोरगा दिवसभर छाती काढून फिरला. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून सगळं निवडलं गेलं आणि पुसलं गेलं. अख्खं पान पांढरं. वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगी रडायच्या बेतात होती. मी मागे घेण्याचा बाण दाबला आणि सगळं जसंच्या तसं परत आलं, तेव्हा जो आवाज उठला तो ऐकून शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले.

खात्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. मोबाइलवर लिहायचं तर जीमेल हवं, आणि मोबाइलमधलं जीमेल बापाच्या नावाचं. काहींचं तर बापाच्याही नावाचं नव्हतं. मोबाइल शॉपीवाल्यानं विकताना जे खातं टाकून दिलं तेच चालू होतं, आडनावाच्या जागी दुकानाचं नाव. त्यामुळे आमच्या पानावर सगळे बाप लिहीत होते. मुलीनं आजीच्या तोंडचा जात्यावरचा शब्द लिहिला की वर नाव दिसायचं तिच्या वडिलांचं. आईच्या नावाचं खातं सदतीस जणांत एकही नव्हतं. मी वहीत एक तक्ता करून ठेवला होता, कोणत्या नावामागे कोणतं मूल. एक-दोन ठिकाणी तोही पुरा पडत नसे. हिच्याच हिरव्या रंगात एकदा उचलीवर, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांवर, एक नोंद आली : 'उचल. ही घेतली की फिटत न्हाई.' हे तिनं लिहिलं की फडावरून आलेल्या तिच्या बापानं मोबाइल हातात घेऊन लिहिलं, मी कधी विचारलं नाही. त्या पानावर दोघंही एकाच नावानं उभे होते.

तिच्या सगळ्या नोंदी अवेळी यायच्या. रात्री साडेअकरा, पहाटे तीन, पहाटे पावणेचार. सकाळी उठून चहा टाकता टाकता मी मोबाइल बघायचे आणि वाटायचं, ही मुलगी झोपते कधी? ऊसतोडीत वेळ असा नसतोच. गाडी फडात आली की रात्र असो, थंडी असो, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं आणि भरून द्यायचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, दोघांनाही जावं लागतं. मागे कोपीवर मोठी पोर आणि धाकटं भावंड. हे मला माहीत होतं. हजेरीपटासमोर वर्षानुवर्षं बसल्यावर माहीत होतंच. पण तिच्या नोंदीपुढची वेळ वाचताना मी ते तिच्या झोपेशी जोडलं नाही, तिच्या चिकाटीशी जोडलं. मुख्याध्यापकांना दाखवलं. बघा, पहाटे तीन वाजता लिहिते आमची पोरगी. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत तेच पान पडद्यावर लावून सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं. त्या कौतुकाची आठवण आता मला नको वाटते.

आणि तिचं लिहिणं! नोव्हेंबरमधल्या नोंदी मी त्या रात्री एकेक करून परत वाचल्या. 'वाढं. हे इकायचं आन मीठमिरची आणायची.' उसाचे शेंडे असतात ते, जनावरांना घालतात. कोशातला अर्थ तिनं दिलाच नाही. वाढ्याचं घरात काय होतं ते लिहिलं. मोबाइलवरच्या कीबोर्डाला हा शब्द ठाऊक नाही, मी स्वतः लिहून पाहिला, तो आधी 'वाढ' सुचवतो आणि मग 'वाढदिवस'. तिनं ते सुचवणं दर वेळी बाजूला सारून आपला शब्द पुरा केला असणार. 'मुकादम. ह्याच्या गाडीचा आवाज वळकू येतो.' 'चटणी. भाकरीवर घ्यायची, फडात हात धुवाय पाणी लांब असतं.' 'पट्टा. हा पडला की घरी.' कारखान्याचा गळीत हंगाम संपण्याला पट्टा पडणं म्हणतात. चार शब्दांत तिनं ते लिहिलं आणि 'घरी'वर थांबली. शब्दाचा अर्थ लिहा असं सांगितल्यावर बाकीची मुलं 'म्हणजे' लिहून कामाला लागायची. हिचं प्रत्येक वाक्य तिथं राहिलेल्या माणसाचं होतं.

मी ते का बदललं, याचा छडा त्या रात्रीच लागला. नोंदीच्या बाजूला वर्गातल्या एका हुशार मुलाची कमेंट होती : 'मॅडम, कोप म्हणजे राग ना?' त्याचं चूक नव्हतं. कुठलाही शालेय कोश उघडा, कोप म्हणजे राग. माझं उत्तर त्याखाली होतं, 'बरोबर. दुरुस्त केलं आहे.' म्हणजे मी गडबडीत, झोपायच्या आधी, एका प्रश्नाचा निकाल लावला होता. कमेंटपुढे बरोबरची खूण करून ती मिटवून टाकली होती. आणि दुरुस्त करताना जे लिहिलं ते पुस्तकातलं. मी आयुष्यात कोप आतून पाहिलेली नाही. एसटीच्या खिडकीतून पाहिलेत, रस्त्याकडेला ओळीनं उभ्या असलेल्या कोप्या, संध्याकाळी त्यांच्यासमोर पेटलेल्या चुली. तेवढ्या माहितीवर मी 'तात्पुरते निवासस्थान' लिहिलं. ज्या संग्रहाचं नावच 'आमच्या घरचे शब्द' होतं, त्यातून मी एका मुलीच्या घराचा शब्द काढून टाकला होता.

पण मला झोप लागू दिली नाही ती पुढची गोष्ट होती. १७ डिसेंबरनंतर तिच्या आणखी पाच नोंदी आहेत. 'मोळी : उसाचा बांधलेला भारा.' 'फड : उसाचे शेत.' 'टोळी : मजुरांचा समूह.' विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, अर्थ, पूर्णविराम. 'बांधलेला', 'उसाचे', 'समूह'. माझ्यासारखं. पहाटेच्या त्याच वेळा, तोच हिरवा रंग, आणि त्यातून ती गेलेली. मी तिला एक शब्दही बोलले नव्हते. फोनवर नाही, कमेंटमधून नाही. तिनं पान उघडलं, आपलं लिहिलेलं तिथं नाही हे पाहिलं, त्या जागी काय आहे ते वाचलं, आणि कसं लिहायचं असतं ते समजून घेतलं. चांगली विद्यार्थिनी हेच करते.

आमच्या शाळेत हस्तलिखित निघायचं. दरवर्षी, पंधरा ऑगस्टला. कार्डशीटचं मुखपृष्ठ, आत एका बाजूनं कोरे कागद, पेन्सिलीनं हलक्या रेघा मारून घ्यायच्या आणि शाईनं लिहून झालं की त्या खोडायच्या. खोडरबराच्या भुग्याचा आणि शाईचा वास त्या खोलीत आठवडाभर असे. माझं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्यात होते. बाकीच्यांनी आपापलं वहीच्या पानावर लिहून द्यायचं आणि आम्ही चौघी-पाचजणींनी ते उतरवायचं. ज्याचं अक्षर वाईट, त्याचा हात त्या कागदाला कधी लागलाच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलानं विहिरीवर कविता दिली होती. तिच्यात 'इहीर' लिहिलं होतं. मी उतरवताना 'विहीर' केलं. कुणाला न विचारता, इतक्या सहज की तेव्हा मला ते लेखनही वाटलं नसेल, स्वच्छता वाटली असेल. त्यानं हस्तलिखित लागलं त्या दिवशी काचेच्या कपाटापाशी उभं राहून आपली कविता वाचली. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्यानं काही दिलं नाही. त्याच्या मूळच्या वहीच्या पानाचं काय झालं कुणास ठाऊक. त्या कागदाला इतिहास नव्हता.

म्हणून तर मला हे सगळ्यांचं पान इतकं आवडलं होतं. इथे अक्षर कुणाचंच चांगलं किंवा वाईट नाही. ज्याच्या वहीवर मी आजवर 'अक्षर सुधारा' लिहीत आले, त्याचा शब्द पहिल्या बाकावरच्या मुलीच्या शब्दाखाली तितकाच नेटका दिसतो. काही मुलं वर्गात वर्षभर तोंड उघडत नाहीत, ती त्या पानावर रोज दोन-दोन शब्द टाकत होती. पण ज्या हाताला दुसऱ्याचं नीट करायची सवय आहे, त्याला या पानानं फार सोपी वाट करून दिली. पूर्वी निदान लाल पेन लागायचं, ते वहीवर दिसायचं, मुलाला कळायचं की बाईंनी इथं काहीतरी केलंय. इथं मी काट न दिसता काट मारू शकत होते.

माझ्यावरही हे झालंय. डी.एड.ला पहिल्या महिन्यात पाठ घेताना मी 'पानी' म्हणाले. मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि मार्गदर्शक बाईंनी निरीक्षण वहीत लिहिलं, 'उच्चार सदोष'. वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन मी ण म्हणत बसायचे. पाणी, लोणी, कोणी, आणि. जीभ वर न्यायची, मागे वळवायची. महिन्याभरात जमलं. ते जमलं म्हणून पुढं नोकरी मिळाली, असंच मला वाटत आलंय, आणि ते खोटंही नाही. सुट्टीला घरी गेले की आई म्हणायची, "पानी दे गं." मी पाणी द्यायचे. तिला दुरुस्त करायची हिंमत कधी झाली नाही आणि तिच्यासारखं म्हणणंही कधी परत जमलं नाही. आता ही मुलगी दोन वर्षांनी दहावीला बसेल. उत्तरपत्रिका तपासणारा तिच्या 'ऱ्हायचं'ला मार्क देणार नाही. मी तिला प्रमाण मराठी शिकवली नाही तर तिचंच नुकसान करीन. शिकवताना तिची भाषा जाते तर ते कुणाचं नुकसान, हे इतकी वर्षं शिकवूनही मला नीट सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी खऱ्या आहेत.

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत आम्हाला मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवलं होतं. २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेला तो विकिपीडिया, कुणीही उघडावं आणि लिहावं. तेव्हा सांगितलेली एक गोष्ट लक्षात राहिली. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकी माणसानं १९९५ मध्ये, कुणालाही बदलता येतील अशी पानं पहिल्यांदा केली आणि त्यांना विकी हे नाव दिलं. विकी विकी म्हणजे हवाई बेटांवरच्या भाषेत भरभर. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं ते नाव होतं. भरभर बदलता येतं हे त्यातलं मोठं वैशिष्ट्य. पण प्रत्येक लेखाच्या डोक्यावर आणखी दोन शब्द असतात, एक 'चर्चा' आणि दुसरा 'इतिहास पहा'. बदलण्याआधी बोला, आणि बदललं तर ते लपणार नाही. आमच्या पानावरही ही सोय होती. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या चिन्हापाशी एक पर्याय असतो, तो निवडला की तुमचं लिहिणं सूचना म्हणून उमटतं. मूळ वाक्य जागेवर राहतं, ज्याचं आहे त्यानं बघायचं आणि हवं तर बरोबरची खूण करायची, नको तर फुली. हा पर्याय मी मुलांना ऑगस्टमध्येच शिकवला होता. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही, बाजूला लिहायचं, हा नियम फळ्यावर लिहून दिला होता. मुलांनी तो बहुतेक पाळला. एवढ्या बावीस पानांत दुसऱ्याचं आख्खं वाक्य काढून टाकलेलं मला दोनच ठिकाणी सापडलं. एक पहिल्या दिवशीचं, ज्यात अख्खं पान गेलं होतं.

त्या रात्री आधी मनात आलं, जुनं परत आणावं. तशी सोय आहे, पण ती सबंध पानाची आहे. १७ डिसेंबरच्या पहाटेचं पान परत आणलं असतं तर त्यानंतर सगळ्यांनी लिहिलेलं मागे गेलं असतं, जानेवारीतला पतंगाचा मांजा, फेब्रुवारीतली हुरड्याची आगटी, वसतिगृहातल्या मुलांनी लिहिलेले चाळीसेक शब्द. मग म्हटलं, तेवढी तीन वाक्यं कॉपी करून जागेवर ठेवावीत. माउस तिथं नेला. आणि वाटलं, तिला न विचारता काढलं, आता तिला न विचारताच परत ठेवायचं? मी लॅपटॉप बंद केला. झेरॉक्सवाल्याला चार दिवसांनी देते म्हणून कळवलं. चारचे बारा झाले.

पट्टा पडला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ती आली तेव्हा उन्हानं रापून काळी झाली होती आणि उंच झाली होती. हातांवर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या बारीक रेषा होत्या. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं, वर्गात आम्ही दोघीच. लॅपटॉपवर इतिहास उघडून १७ डिसेंबरपाशी आणला आणि तिच्यासमोर सरकवला. म्हटलं, "हे तू लिहिलं होतंस. मी पुसलं. मी विचारायला हवं होतं." तिनं वाक्यांकडे पाहिलं नाही. आधी वेळ पाहिली. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही त्या रातची गोष्ट हाय. गाडी आली होती, मम्मी-पप्पा भराय गेले होते. बारका उठून रडू लागला. उजेड पायजे म्हणून मोबाइल घेतला." मी काही बोलले नाही. ती पुढं म्हणाली, "तुमी लिवलेलं चांगलं होतं मॅडम. पर आता पाचटाची नसती. बांबू आन ताडपत्री असती."

मी विचारलं, हे आता कसं ठेवायचं, तू सांग. तिनं विचारलं, "तुमचं काढू?" काढ म्हटलं. लॅपटॉपच्या इंग्रजी बटणांवर तिचा हात बसेना. मोबाइल बापाकडं होता, म्हणून मी माझा दिला. देताना लक्षात आलं, हेही जांभळ्याच रंगात जाणार, उद्या कुणी इतिहास उघडला तर काढणारी आणि लिहिणारी एकच दिसेल. मी वहीतल्या तक्त्यात तारीख आणि वेळ लिहिली, पुढे तिचं नाव. तिनं झोपडीची ओळ अंगठ्यानं धरून पुसली आणि लिहायला लागली. कीबोर्ड मध्येच 'कोपरा' सुचवत होता, तिनं तो सारला. कोप. ह्यात ऱ्हायचं असतं. दार नसतं. तिथं थांबली, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि पुढं लिहिलं : रातच्याला पोतं लावायचं. मोबाइल माझ्याकडे दिला. मी वाचून परत हातात घेते तोवर म्हणाली, "ऱ्हावा मॅडम," आणि तो माझ्याकडून परत घेऊन आणखी एक ओळ लिहिली.

'सकाळी पोतं वर टाकायचं, मग ऊन आत येतं.'